फिक्हची कलमे आणि माणसांचे संसार

निकाह लागायला फार वेळ लागत नाही. वकील आणि साक्षीदार मुलीचा होकार घेऊन येतात, खुतबा होतो, मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम पुकारली जाते, नवरदेव ‘कबूल है’ म्हणतो, सह्या होतात, दुआ होते आणि खजूर वाटला जातो. त्या कागदावर नेमके काय लिहिले आहे, हे मात्र मुलीने किंवा तिच्या आईने वाचलेले असतेच असे नाही. संसार सुरळीत चालला तर कागद ट्रंकेत पडून राहतो. नवरा परागंदा झाला, मारहाण करू लागला किंवा एका दमात तलाक देऊन मोकळा झाला, की त्याच कागदाची शोधाशोध सुरू होते. मग मौलानांकडे, मुफ्तींकडे, जमातीकडे, वकिलाकडे फेऱ्या चालू होतात आणि शेकडो वर्षांपूर्वीचे बारकावे एका बाईच्या पुढच्या आयुष्याचा निकाल लावू लागतात.

हे बारकावे आले कुठून? त्यांत वाकण्याची सोय आहे का? असेल, तर ती आजवर कोणी आणि कशी वापरली? विवाह आणि तलाक या एकाच विषयापुरते आपण ते क्रमाने पाहू.

शरिया, फिक्ह आणि चार मजहब

कुराण आणि हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदी, हे शरियाचे, म्हणजे इस्लामी धर्मनियमांचे, मूळ आधार. त्यांचा अर्थ लावून विद्वानांनी जे नियम बसवले, त्या शास्त्राला फिक्ह म्हणतात. मूळ आधार श्रद्धेने ईश्वरी मानले जातात, पण अर्थ लावणारी माणसेच होती. म्हणून मतभेद झाले आणि सुन्नी परंपरेत हनफी, मालिकी, शाफिई आणि हंबली असे चार मजहब, म्हणजे फिक्हचे संप्रदाय, स्थिरावले. चौघेही एकमेकांना योग्य वाटेवरचेच मानतात.

महाराष्ट्रात हा फरक घाट उतरला की दिसतो. देशावरचे, मराठवाड्यातले आणि विदर्भातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत, तर अरबी समुद्रातल्या व्यापाराच्या वाटेने इस्लाम आलेल्या कोकणातले बहुसंख्य शाफिई. वयात आलेली हनफी मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. शाफिई मुलीला वली, म्हणजे बाप किंवा त्याच्या जागी असलेला नातलग, लागतोच. उलट, धाकदपटशा करून नवऱ्याच्या तोंडून वदवून घेतलेला तलाक हनफी मतानुसार लागू होतो, शाफिई मतानुसार होत नाही. एक मजहब सर्व बाबतींत सोपा आणि दुसरा सर्व बाबतींत कडक, असे मुळीच नाही.

मुंबई उच्च न्यायालयासमोर 1864 मध्ये मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद हा खटला आला होता. शाफिई घरातल्या मुलीने आपण हनफी मजहब स्वीकारल्याचे सांगून बापाच्या संमतीवाचून निकाह केला होता. न्यायालयाने तो वैध ठरवला. एका मजहबातून दुसऱ्यात जाण्याची मोकळीक किती खरी आहे, हे त्या मुलीने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले.

अडचण ओळखणारी तत्त्वे

फिक्हच्या ग्रंथांत अगदी साध्या रोजच्या गोष्टींची चर्चा असते. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल कपड्यांवर उडाला, त्यात घाणही मिसळलेली असणार, तर त्या कपड्यांत नमाज होईल का? काटेकोर नियम लावला तर होणार नाही. पण तसे म्हटले तर पावसाळ्यात मशिदीपर्यंत पोहोचणेच मुश्कील व्हायचे. म्हणून विद्वानांनी तेवढ्या चिखलाला माफी दिली. सगळ्यांनाच भोगावी लागणारी, टाळता न येणारी अडचण नियमात सवलत आणते, या तत्त्वाला ‘उमूम-ए-बलवा’ म्हणतात.

अशी आणखी तत्त्वे आहेत. कष्ट सवलतीला वाट करून देतात. निकड असेल तर एरवी मना असलेलेही चालते. लोकांची रूढ चालरीत, म्हणजे उर्फ, निर्णयात धरली जाते. एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्याने ‘मजल्ला’ नावाची दिवाणी संहिता तयार केली. काळ बदलला की नियम बदलू शकतात, हे तत्त्व तिच्यात कलम म्हणून घातले आहे. दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन 1836 मध्ये वारले. त्यांनी उर्फवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि आपल्या काळातल्या लोकांची रीत ठाऊक नसलेल्या मुफ्तीने फतवा देऊ नये असे बजावले.

याची मुळे फार जुनी आहेत. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा थांबवली होती. इमाम शाफिई बगदाद सोडून इजिप्तला गेल्यावर त्यांनी आपली अनेक मते बदलली. त्यांच्या मजहबात ‘जुने मत’ आणि ‘नवे मत’ अशी विभागणी आजही शिकवली जाते. परिस्थिती पाहून निर्णय घेणे ही या परंपरेची आतलीच रीत आहे.

फतव्याचा कागद

असे असताना सामान्य माणसाला फिक्ह इतके ताठर का भासते? फतव्याचा कागद पाहिला की थोडा उलगडा होतो. प्रश्न ठरावीक उर्दू साच्यात लिहिला जातो. ‘काय फर्मावतात दीनचे विद्वान या मसल्याबाबत’ अशा अर्थाची सुरुवात. नावे खरी नसतात. नवरा ‘जैद’, बायको ‘हिंदा’, तिसरा कोणी असला तर ‘बक्र’. जैदने रागाच्या भरात हिंदाला तीन तलाक दिले, पडले की नाही? मुफ्ती उत्तर लिहितात, आधार म्हणून अरबी ग्रंथांतले उतारे देतात आणि शेवटी ‘अल्लाहच अधिक जाणतो’ अशा अर्थाचे शब्द लिहून सही-शिक्का करतात.

या पद्धतीचा फायदा आहे. कोणाची अब्रू चव्हाट्यावर येत नाही आणि गरिबालाही सल्ला मिळतो. पण हिंदाला तीन लहान मुले आहेत, माहेरी आई-बाप उरलेले नाहीत, जैद दारू पिऊन आला होता, हे प्रश्नात लिहिलेच नाही तर उत्तरात येत नाही. बहुतेक वेळा प्रश्न लिहून नेणारा पुरुष असतो आणि जिचे आयुष्य पणाला लागलेले असते ती घरी बसलेली असते. मुफ्ती विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतात. म्हणून प्रश्न कोण विचारतो आणि त्यात काय सांगतो, याला फार महत्त्व आहे. बाईने स्वतः जावे, पूर्ण हकीकत लिहून द्यावी आणि फतवा हा सल्ला आहे, कोर्टाचा हुकूम नाही, हे लक्षात ठेवावे. फतव्यांना आणि दारुल-कझाच्या, म्हणजे धार्मिक निवाडा मंडळांच्या, निवाड्यांना कायदेशीर बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे.

बेपत्ता नवऱ्याचा प्रश्न

काटेकोर नियम आणि जगणे यांची सर्वांत कठीण टक्कर भारतात एका प्रश्नावर झाली. नवरा बेपत्ता झाला, जिवंत आहे की मेला ठाऊक नाही, तर बायकोने काय करायचे?

हनफी मजहबाचे जुने उत्तर असे की, त्याच्या बरोबरीची माणसे मरेपर्यंत तो जिवंत धरायचा. पुढे त्यासाठी त्याच्या वयाची 90 वर्षे ही मर्यादा सर्रास धरली गेली. पंचविशीतला नवरा निघून गेला आणि बायको वीस वर्षांची असेल, तर तिची सुटका तिच्या पंच्याऐंशीव्या वर्षी! नियमामागचा विचार वाईट नव्हता. दूरदेशी गेलेल्याचा संसार आणि मालमत्ता त्याच्या पाठीमागे मोडू नये, हा त्याचा हेतू. पण मागे राहिलेल्या बाईच्या पोटापाण्याचे, तारुण्याचे उत्तर त्यात नव्हते. छळणाऱ्या किंवा न पोसणाऱ्या नवऱ्यापासून सुटायलाही हनफी नियमांत बाईला जवळपास वाट नव्हती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात काही स्त्रियांनी वेगळीच वाट धरली. बायकोने धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो, असे तेव्हाचे प्रचलित हनफी मत होते आणि इंग्रजांची न्यायालये ते मानत. म्हणून नको असलेल्या नवऱ्यापासून सुटण्यासाठी बायका कागदोपत्री धर्मांतर करू लागल्या. सुटकेसाठी बाईला ईमान सोडावे लागते, हे पाहून समाज हादरला. कवी-तत्त्वज्ञ मुहम्मद इक्बाल यांनी 1930 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत या प्रकरणांचा उल्लेख केला आणि धर्मरक्षणासाठी असलेला नियम इथे उलटा पडतो आहे याकडे लक्ष वेधले.

थानवींचा तोडगा

मार्ग काढला तो एका सनातनी हनफी विद्वानाने. मौलाना अशरफ अली थानवी हे देवबंदी परंपरेतले मोठे नाव, आज उत्तर प्रदेशच्या शामली जिल्ह्यात असलेल्या थाना भवनचे. धर्म सोडल्याने निकाह तुटतो, असा फतवा त्यांनी स्वतः पूर्वी दिला होता. पण बायकांची अवस्था पाहून त्यांनी विषय मुळापासून तपासायला घेतला. मालिकी मजहबात सवलती आहेत हे माहीत होते, मात्र भारतात मालिकी विद्वान नव्हते. म्हणून त्यांनी मदिनेतल्या मालिकी मुफ्तींना प्रश्न लिहून पाठवले, उत्तरे मागवली, शंका पुन्हा कळवल्या. या सगळ्यातून 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अल-हीलतुन नाजिजा’ हे पुस्तक तयार झाले. असहाय पत्नीसाठी यशस्वी उपाय, असा त्याच्या पूर्ण नावाचा आशय आहे.

त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. पहिली, बेपत्ता नवऱ्याच्या बाबतीत मालिकी मत घ्यावे. प्रकरण काझीपुढे आल्यावर तपास करून चार वर्षांची मुदत, त्यानंतर विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे थांबण्याचा काळ, आणि मग बाई पुन्हा लग्नाला मोकळी. दुसरी, जिथे मुसलमान काझी नाही तिथे धर्मपरायण मुसलमानांची पंचायत निर्णय देऊ शकते. तिसरी, बायकोने धर्म सोडल्याने निकाह तुटत नाही. यासाठी त्यांनी हनफी परंपरेतल्याच काही जुन्या विद्वानांचे मत उचलले. शिवाय निकाहाच्या वेळीच अटी लिहून तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवता येतो, हा हनफी मजहबातला उपायही त्यांनी सविस्तर सांगितला.

थानवी सुधारक म्हणून ओळखले जात नाहीत. स्वतःच्या मजहबाशी एकनिष्ठ राहूनच त्यांनी दुसऱ्या मजहबाचे दार ठोठावले. ‘नियम असाच आहे, इलाज नाही’ एवढे म्हणून थांबणे त्यांना पटले नाही, यात त्यांचे मोठेपण आहे.

1939 चा कायदा

याच मंथनातून काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले आणि 1939 मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. हनफी नियमामुळे त्रास होत असेल तेव्हा मालिकी, शाफिई किंवा हंबली मत लावता येते, हा फिक्हचाच आधार विधेयकाच्या उद्देशपत्रात दिला होता. या प्रकरणांचा निकाल मुसलमान न्यायाधीशच देईल, ही उलेमांची मागणी मात्र मान्य झाली नाही आणि त्यांची नाराजी राहिली.

हा कायदा आजही लागू आहे. त्याखाली पत्नीला न्यायालयातून विवाह संपवून घेण्याची मुख्य कारणे अशी:

• नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नाही. निकाल लागल्यावर सहा महिने थांबावे लागते. त्या अवधीत नवरा परतला आणि नांदायला तयार असल्याची न्यायालयाची खात्री पटली, तर निकाल रद्द होतो.
• नवऱ्याने दोन वर्षे पोटगी दिलेली नाही.
• नवऱ्याला सात वर्षे किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली आहे.
• त्याने योग्य कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य पाळलेले नाही.
• नवरा लग्नापासून नपुंसक आहे किंवा दोन वर्षांपासून वेडसर आहे.
• पंधरा वर्षांच्या आत लग्न लावून दिले होते, शरीरसंबंध आलेला नाही आणि अठरा पूर्ण होण्याआधी मुलीने ते नाकारले आहे.
• क्रूरता. यात मारहाण आणि मानसिक छळ येतो, तिची मालमत्ता परस्पर विकणे येते, आणि एकाहून अधिक बायका असताना तिला समान न वागवणेही येते.

एवढा स्पष्ट कायदा असूनही ‘नवरा तलाक देत नाही, मग काय करणार’ असे म्हणत माहेरी दिवस काढणाऱ्या बायका गावोगाव आहेत. त्यांच्यापर्यंत ही यादी पोहोचलेलीच नाही.

तीन तलाकची गोष्ट

तलाकची कुराणातली रीत सावकाश चालणारी आहे. वाद झाला तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमा, तलाक द्यायचाच तर इद्दतीचा हिशेब ठेवून द्या, मधल्या काळात परत एकत्र येण्याची वाट खुली ठेवा. एका दमात तीन तलाक देणे अनेक विद्वानांनी चुकीची नवी प्रथा, म्हणजे बिदअत, मानले. तरीही असा तलाक लागू होतो, हे चारही सुन्नी मजहबांचे प्रमुख मत राहिले.

या मताचा इतिहासही परिस्थितीशीच जोडलेला आहे. पैगंबरांच्या काळात, पहिल्या खलिफांच्या काळात आणि उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांत असे तीन तलाक एकच धरले जात, अशी हदीस ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात आहे. लोक घाईने तलाक देऊ लागले, तेव्हा त्यांना जरब बसावी म्हणून उमर यांनी तीन ते तीनच धरले. पुढे त्या जरबेचा भार पुरुषाऐवजी बाईवर पडू लागला. चौदाव्या शतकात विद्वान इब्न तैमिया यांनी एका बैठकीतले तीन म्हणजे एकच, असे मत मांडले. इजिप्तने 1929 मध्ये कायद्यात तेच घेतले आणि नशेतला, जबरदस्तीचा तलाकही निष्फळ ठरवला. भारतातला अहले-हदीस पंथ पूर्वीपासून हेच मानतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न रस्त्यावर आणला तो चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढून तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची मागणी केली. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंना समान नागरी कायदा हवा होता, थानवींना फिक्हच्या चौकटीतच उत्तर हवे होते. वाटा वेगळ्या, पण दोघांच्या डोळ्यांसमोर एकच टाकलेली बाई होती.

न्यायालयांनीही हळूहळू कुराणातल्या रीतीचा आधार घेतला. दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने 2002 मध्ये सांगितले की, तलाक दिला असे नवऱ्याने नुसते लिहून चालणार नाही. तलाकचे कारण, मध्यस्थी आणि समेटाचा प्रयत्न त्याने सिद्ध केला पाहिजे. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा घेतली. 22 ऑगस्ट 2017 रोजी शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी एकदम दिलेला तीन तलाक रद्द ठरला आणि 2019 च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. नवरा तुरुंगात गेल्यावर घर कोण चालवणार, ही शंका कार्यकर्त्या महिलांनीही विचारली आहे आणि ती गैर नाही. पण ‘तलाक, तलाक, तलाक’ म्हटल्याने आज भारतात कोणाचाही विवाह कायद्याने तुटत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

निकाहनामा नीट लिहा

निकाह हा करार आहे आणि करारात अटी घालता येतात. ही सोय फिक्हमध्ये आधीपासून आहे, तिच्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. लग्न ठरताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

मेहर: हनफी मतानुसार मेहर किमान दहा दिरहम, म्हणजे साधारण 30.6 ग्रॅम चांदी, असावा लागतो. मेहर-ए-फातमी या नावाने ओळखला जाणारा मेहर 500 दिरहमचा, म्हणजे 131 तोळे 3 मासे, सुमारे 1,531 ग्रॅम चांदीचा मानतात. रुपयांत लिहिलेली रक्कम वीस वर्षांत मातीमोल होते, म्हणून मेहर सोन्या-चांदीच्या वजनात लिहावा. जमेल तितका निकाहाच्या वेळीच द्यावा. नवऱ्याच्या मय्यतीजवळ विधवेकडून मेहर माफ करून घेण्याची चाल बंद व्हावी. मेहर हे कर्ज आहे आणि ते वारसांच्या वाटणीआधी फेडायचे असते.

तलाक-ए-तफवीझ: नवऱ्याने मारहाण केली, दुसरे लग्न केले किंवा ठरावीक काळ पोसले नाही, तर पत्नी स्वतःला तलाक देऊ शकेल, असे कलम लिहिता येते. पाकिस्तानच्या छापील निकाहनाम्यात यासाठी अठरावा रकाना आहे. लग्न लावणारे अनेकदा त्यावर आडवी रेघ मारून मोकळे होतात आणि मुलीला त्याचा पत्ताही नसतो. आपल्याकडे असा रकाना नसेल, तर कलम हाताने लिहून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.

खुला: बायकोला संसार नको असेल, तर मेहर परत करून सुटका मागण्याचा अधिकार कुराणात आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये न्यायालयाबाहेर घेतलेल्या खुलाला मान्यता दिली आहे. या हक्काला नवऱ्याची मेहेरबानी समजू नये.

नोंदणी: मशिदीतल्या नोंदीवर थांबू नये. विवाह सरकार दरबारीही नोंदवावा आणि निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या माहेरी ठेवावी.

पोटगी: घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही फौजदारी प्रक्रियेच्या सर्वसाधारण तरतुदीखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 रोजी पुन्हा स्पष्ट केले आहे. शाहबानो खटल्याने 1985 मध्ये सुरू झालेला वाद इथवर आला आहे.

हे आपल्या हातात आहे

फिक्हमध्ये दारे आहेत, हे चिखलाच्या मसल्यापासून थानवींच्या पुस्तकापर्यंत दिसते. ती उघडली गेली, कारण कोणीतरी ग्रंथ हातात घेऊन आधी माणसाकडे पाहिले. जी उघडली गेली नाहीत, तिथे बाईचे म्हणणे कागदावर आलेच नव्हते.

म्हणून काझींना विनंती आहे की, निकाह लावण्याआधी कागद मुलीला वाचून दाखवा, तिला समजेल त्या भाषेत. जमातींनी मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत अटींसह छापील निकाहनामा तयार ठेवावा. आणि मुलींच्या आई-वडिलांनो, हॉल आणि बिर्याणी ठरवताना जेवढा वेळ देता, त्यातला एक तास या कागदाला द्या. मुलीच्या बाजूने अट घालणे म्हणजे नवऱ्या मुलावर अविश्वास नव्हे. शरियतने दिलेला तो तिचा हक्क आहे, आणि तो मागायची योग्य वेळ निकाहाच्या आधीच असते.